माझ्या मागं उभं असलेलं

आमच्या घराण्यात नाकं वाहतात. मुलगी बघायला गेलो तेव्हाच मी हे सांगून टाकलं होतं, नंतर तक्रार नको म्हणून. वडिलांचं वाहायचं, धाकट्या चुलत्यांचं वाहायचं, माझं तर कळायला लागल्यापासून वाहतंय. उजवी नाकपुडी कायमची बंद. डावीवर मी चाळीस वर्षं काढली आणि फाउंड्रीत मोल्डिंग सुपरवायझर झालो. वास मला येत नाही. कधी काळी येत होता का, तेही आठवत नाही. फाउंड्रीत त्यावाचून काही अडत नाही. वाळू, रेझिन आणि तापलेल्या लोखंडाच्या वाफेत चांगल्या नाकाची माणसंसुद्धा दोन-चार वर्षांत माझ्या रांगेत येऊन बसतात. म्हणून आमची मुलगी दोन वर्षांची असताना नाक ओढायला लागली तेव्हा मी खूश होऊन म्हणालो, बापावर गेली.

ती आठ वर्षांची होईपर्यंत हे असंच चाललं. हिरवट शेंबूड, सकाळी उठल्या उठल्या खोकला, डोळ्यांखाली काळं, तोंड कायम उघडं. बोलायची ती गेंगाणं, सगळे शब्द नाकात अडकून बाहेर यायचे. दर महिन्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून पाच दिवसांचं औषध आणायचं, तीन दिवसांत बरं वाटलं की बाटली फ्रिजमध्ये मागं सरकायची, आणि आठवड्यानं पुन्हा तेच. बायको म्हणायची, मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मी म्हणायचो, शेंबडाला कुणी मोठा डॉक्टर करतं का. माझं असंच असतं. एखादी गोष्ट घराण्याची आहे असं मी एकदा ठरवलं, की तिच्यावर इलाज करणं मला वडिलांचा अपमान वाटतो.

शेवटी शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ही कपाळ धरून बसते, दुसऱ्या तासाला झोपते, आणि शेजारच्या मुली हिच्या आवाजाची नक्कल करतात. भुतं बोलतात तसं बोलते म्हणतात. बायकोनं तिथून परस्पर राजारामपुरीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी गाडी चालवायला म्हणून बरोबर गेलो.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मुलीच्या नाकात दिव्याची बारीक नळी घालून बघितलं आणि सांगितलं की हा जुना सायनसचा आजार आहे. गालाच्या हाडामागच्या पोकळ्यांत पू साचून राहिलाय. नाकामागची गाठ थोडी सुजली आहे, पण ऑपरेशनची घाई नको. औषध तीन आठवडे, एकही दिवस न चुकवता. रोज नाकात स्प्रे. आणि मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं, दोन वेळा, निदान तीन महिने. घरात धूर करायचा नाही, उदबत्तीचाही नाही. अर्धवट औषधं देऊन देऊन तुम्ही हे सहा वर्षं पाळलंत, असंही त्या म्हणाल्या. ते मला झोंबलं. कागद घ्यायला मी टेबलावर वाकलो तशी त्यांनी खुर्ची थोडी मागं घेतली आणि म्हणाल्या, तुमचंही नाक एकदा दाखवून घ्या. मी हसून सांगितलं की ते आमच्या घराण्याचं आहे. त्या हसल्या नाहीत.

नाक धुवायचं काम माझ्याकडं आलं. बायको सकाळी डबे करून पतसंस्थेत कामाला जाते, आणि माझ्या आईला तो प्रकार बघवत नव्हता. आई आजऱ्याकडची. वडील गेल्यावर ती आमच्याकडं राहायला आली. कळंब्याच्या बाजूला, तलावापासून दहा मिनिटांवर आमचं घर आहे. पाणी उकळून कोमट करायचं, त्यात मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा, बिनसुईची मोठी सिरिंज भरायची. पोरीनं बेसिनवर वाकून मान कलती करायची आणि तोंडानं आ करायचा. एका नाकपुडीतून पाणी घातलं की दुसरीतून येतं. पहिल्या दिवशी तिनं असा टाहो फोडला की शेजारचे डोकावून गेले. आठवडाभरात ती गप्प उभी राहायला लागली. दुसऱ्या आठवड्यात तिच्या नाकातून जे काही बाहेर आलं ते बघून मला पहिल्यांदा लाज वाटली. एवढं सगळं तिच्या चेहऱ्यामागं होतं आणि मी ते कौतुकानं सांभाळत होतो.

एरवी घरात माझं सगळं व्यवस्थित चाललं होतं, निदान मला तसं वाटायचं. संध्याकाळी साडेसहाला कंपनीची बस कोपऱ्यावर सोडायची. बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी असायची. सुपरवायझरला मान म्हणून पोरं मागं जाऊन बसतात, असं मी समजत होतो. दारात आई भाकरीचा तुकडा घेऊन उभी असायची. नव्या नवरीवरून ओवाळून टाकतात तसा तो ती रोज माझ्यावरून ओवाळायची आणि कुंपणापलीकडं टाकायची. ओवाळताना तिची नजर माझ्याकडं नसायची, माझ्या खांद्यावरून मागं असायची. मी ते लाड समजायचो. आणि बायको रोज सकाळी माझी उशी गच्चीवर उन्हात टाकायची. फक्त माझी. टापटिपीची फार हौस, असं मी मित्रांना अभिमानानं सांगायचो.

चौथ्या आठवड्यात मुलगी स्वयंपाकघराच्या दारात थबकली आणि म्हणाली, हे हिरवं काय येतंय? आईशी बोलता बोलता बायको कोथिंबीर चिरत होती. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा कोथिंबिरीचा वास घेतला होता. त्यानंतरचे दहा-बारा दिवस आमच्या घरात नुसता सण होता. ती सगळ्याला नाक लावत हिंडायची. हिंगाची डबी, आज्जीची मिश्री, पाऊस नसताना ओली केलेली कुंडी, नवी वही, दुधाची पिशवी. तिचा आवाज मोकळा झाला. ती मला प्रत्येक वास समजावून सांगायची आणि मी मान डोलवायचो. मला एका अक्षराचा अर्थ लागत नव्हता, तरी मी फार सुखी होतो.

मग एका संध्याकाळी मी दारात बूट काढत होतो. ती गृहपाठ करत बसली होती. तिनं डोकं वर केलं आणि विचारलं, "काय मेलंय?"

उंदीर असेल म्हणून मी कपाट सरकवलं, फ्रिजच्या मागं बघितलं, टाकीचं झाकण उघडलं. काही सापडलं नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मला काही येत नाही. आई म्हणाली, मलाबी न्हाय. दोघींनी एकाच सुरात सांगितलं आणि दोघी आत निघून गेल्या. मला स्वतःला काही कळायचा प्रश्नच नव्हता. पोरीला मी समजावलं की नाक नवीन उघडलंय, थोडं इकडंतिकडं होईल.

पण दुसऱ्या दिवशीही ते आलं. ती त्याला 'ते' म्हणायला लागली. शाळेतून आल्यावर नसतं, म्हणायची, दिवे लागायच्या सुमाराला येतं. रविवारी दिवसभर असतं. सोफ्यावर बसलं की तिथं थोडा वेळ राहतं. सकाळी नाक धुताना बेसिनपाशी असतं, एकदम जवळ. आधी ती हे सरळ सांगायची, वह्या-पेन्सिलींबद्दल सांगावं तसं. पण एकदा जेवताना तिनं तोंड उघडलं, तशी आईनं ताटावरून उठून उष्ट्या हातानं तिचं तोंड दाबलं. माझी आई नातीला कधी दटावतसुद्धा नाही. त्यानंतर मुलगी सांगायची बंद झाली. ती फक्त बघायची. मी खोलीत गेलो की ती दाराकडं बघायची, आणि थोड्या वेळानं उठून दुसऱ्या खोलीत जायची.

एक दिवस मी टाकी बघायला गच्चीवर चाललो होतो. जिन्याच्या अर्ध्यात असताना खालून मुलीचा आवाज आला. ती हळू आवाजात तिच्या आईला सांगत होती, "ते वर चाललंय." मी वळून बघितलं. जिना रिकामा होता. वर गच्चीवर उन्हात माझी उशी पडली होती आणि दुसरं काही नव्हतं. तरी मी टाकी न बघताच खाली उतरलो, आणि उतरताना कठड्याला घट्ट धरून उतरलो.

मी भूतबीत मानणारा माणूस नाही. फाउंड्रीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस विस्तवाला भितो, बाकी कशाला नाही. पण वास न येणाऱ्या माणसाचं एक वाईट असतं. बाकीच्यांना घरात काही आहे की नाही हे श्वासासरशी कळतं. मला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. आणि त्या घरात दोन बायका सांगत होत्या की काही नाही, आणि एक मूल डोळे मोठे करून बघत होतं की आहे.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी मी मुलीला तलावाच्या बांधावर फिरायला नेलं. म्हटलं, उघड्यावर तरी तिला मोकळं वाटेल. ऊन कलतं झालं होतं, पाण्यावर धुकं पसरायला लागलं होतं आणि पलीकडची झाडं दिसेनाशी होत होती. वारा अंगावर येत होता. ती माझा हात धरून चालत होती ती हळूहळू लांब गेली. मी तिच्या बाजूला सरकलो की ती वळसा घालून वाऱ्याच्या अंगाला जायची, जिथून वारा आधी तिच्यावर येईल आणि मग माझ्यावर. असं तीनदा झालं. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, ते आपल्याबरोबर आलंय. मी विचारलं, कुठं आहे? तिनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तुमच्या मागं उभं असतंय, पप्पा."

मी मागं बघितलं नाही. हे मला कबूल केलंच पाहिजे, कारण एवढा मोठा बाप्या माणूस, आणि त्या बांधावर मला मान वळवायची हिंमत झाली नाही. आम्ही घरी आलो. ती माझ्या पुढं दहा पावलं चालत होती. दारात आईनं तुकडा ओवाळला आणि माझ्या खांद्यावरून मागं बघितलं, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा ती कुठं बघते ते बघितलं.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं की नाक धुणं बंद. माझं गणित सरळ होतं. नाक बंद होतं तोवर घरात काही नव्हतं. पाणी घालून घालून आपण पोरीच्या डोक्यात नको ते दार उघडलं. स्प्रेमध्येही काही असेल. बायको म्हणाली, डॉक्टरांनी तीन महिने सांगितलंय, अजून दोनही झालेले नाहीत. मी आवाज चढवला. ती काहीतरी बोलणार होती, ओठ हलले, मग तिनं आईकडं बघितलं आणि गप्प बसली. सिरिंज मी माळ्यावर टाकली. आईनं डॉक्टरांचं बोलणं मोडून ओवा आणि वावडिंगाची धुरी केली, आणि मी करू दिली. पोरगी धुरात खोकत बसली होती.

दहा-बारा दिवसांत तिचं नाक पुन्हा भरलं. आवाज पुन्हा आत गेला. कोथिंबीर गेली, हिंग गेला, नवी वही गेली. ती पुन्हा माझ्या शेजारी सोफ्यावर येऊन बसायला लागली, तोंड उघडं टाकून, कपाळ माझ्या दंडाला टेकून. मी विचारलं, आता येतं का गं ते? ती म्हणाली, न्हाय. घर एकदम शांत झालं. त्या शांततेची आठवण झाली की मला आजही कसंसं होतं. आजारी मूल मांडीवर घेऊन आम्ही सगळे निवांत बसलो होतो.

एका सकाळी ती उठली तेव्हा तिचा उजवा डोळा उघडत नव्हता. पापणी लाल, फुगून टम्म, अंगात ताप. बायकोनं मला हाक मारली त्या हाकेत माझ्याविषयी जे काही होतं ते मी विसरणार नाही. डॉक्टरांनी बघताक्षणी दाखल करून घेतलं. सायनसमधला पू डोळ्याच्या बाजूला सरकतोय, म्हणाल्या, चोवीस तासांत उतार पडला नाही तर ऑपरेशन करावं लागेल, डोळ्याचा प्रश्न आहे. शिरेतून औषध सुरू झालं. मी त्या कॉटच्या पायथ्याशी उभा राहून तिच्या पापणीकडं बघत होतो. आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नव्हतो, बांधावरसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सूज उतरू लागली. दुपारी डॉक्टर आल्या, पापणी उचलून बघितली, बरं आहे म्हणाल्या आणि मग माझ्याकडं वळून विचारलं की धुणं का थांबवलं. मी आधी इकडंतिकडंचं बोललो. मग सगळं सांगितलं, जिना, तलाव, मागं उभं असलेलं. एवढ्या शिकलेल्या बाईपुढं ते बोलताना मला घाम फुटला होता. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी मला नाही, माझ्या बायकोला विचारलं की घरात खरोखर वास येतो का.

बायको खाली बघत होती. आई दाराशी होती, ती म्हणाली, "सूनबाई, न्हाय." बायकोनं तिच्याकडं बघितलं, मग कॉटवरच्या पोरीच्या डोळ्याकडं बघितलं.

"येतोय," ती म्हणाली. "बारा वर्षं येतोय. ह्यांच्या नाकाचा येतोय."

आई भिंतीला धरून खाली बसली. डॉक्टर मला म्हणाल्या, चला, तुम्ही बसा खुर्चीत.

त्यांच्या तपासणीच्या खोलीत ती दिव्याची नळी माझ्या उजव्या नाकपुडीत गेली आणि लगेच थांबली. त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. आत एक करडा, खडबडीत दगड बसला होता, भोवती पू. त्या म्हणाल्या की नाकात लहानपणी काहीतरी अडकतं, कुणाला कळत नाही, आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर क्षार चढत जातात. अशा माणसाला स्वतःला वास येत नाही. बाकी सगळ्यांना येतो.

मला वाटलं होतं की त्या खोलीत मला हायसं वाटेल, कारण भूत नव्हतं. तसं काही झालं नाही. माझ्या डोळ्यांपुढं बसमधली ती रिकामी सीट आली.

पुढच्या आठवड्यात मला भूल देऊन त्यांनी तो दगड काढला. दोन तुकडे करून काढावा लागला. ट्रेमध्ये ठेवलेला तो मी बघितला, चिंचोक्यापेक्षा मोठा, आणि फुटला होता तिथं आत तपकिरी रंगाचं कसलं तरी तंतूंचं मूळ. डॉक्टरांना ते काय आहे ते सांगता येईना. आईनं चष्मा लावला, ट्रे जवळ घेतला आणि म्हणाली, "वेखंड हाय ह्ये."

मग ती बोलली. मी पाच-सहा वर्षांचा असताना आजऱ्याच्या पावसात माझी सर्दी हटत नव्हती. वेखंडाचा तुकडा फडक्यात बांधून ती माझ्या नाकाशी द्यायची आणि काजूच्या कारखान्यात कामाला जाताना बजावून जायची की मी येईपर्यंत नाकापासनं हलवायचं नाही. एक दिवस फडकं सुटलेलं होतं आणि आतला तुकडा सापडला नाही. पडला असेल म्हणून तिनं दुसरा दिला. त्यानंतर माझ्या तोंडाला वास यायला लागला. मास्तरांनी मला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवायला सुरुवात केली. तिनं मला एका देवऋष्याकडं नेलं. त्यानं सांगितलं, पोराच्या मागं एकजण उभं हाय. कुणी नाव काढू नका. आपण वळखलंय असं त्याला कळलं तर ते पुढं येईल आणि पोराला घेऊन जाईल. त्या दिवसापासून तिनं वासाचा शब्द काढला नाही, वडिलांना काढू दिला नाही, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोला देवापुढं बसवून तिच्याकडूनही वचन घेतलं. आणि रोज संध्याकाळी त्याला भाकरीचा तुकडा दिला, म्हणजे ते मागंच राहील.

मी तिच्यावर चिडायला पाहिजे होतं. चिडलोही. पण तिनं सांगितलं तेच मी केलं होतं, आणि मी सांगितलं तेच माझी मुलगी करत होती, बेसिनवर मान कलती करून. फरक एवढाच की माझ्या हातात योग्य वस्तू होती आणि मी ती माळ्यावर फेकून दिली.

मुलीचं औषध आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि या वेळी पुरं केलं. तीन महिन्यांचे पाच झाले. डोळा चांगला आहे, शाळेत झोपत नाही, सर्दी झाली तरी आठवड्यात जाते. माझंही नाक धुवायला सांगितलंय, ते ती करते. स्टुलावर उभी राहून सिरिंज भरते आणि मला दटावते की आ करा. पहिल्या दिवशी धुऊन झाल्यावर तिनं माझ्या तोंडाजवळ नाक आणून बराच वेळ हुंगलं. मी श्वास रोखून उभा होतो. मग ती मागं वाकून माझ्या पाठीमागं बघून आली आणि म्हणाली, कुणी न्हाय. आई ऐकत होती. ती तुकडा अजून ओवाळते. मी म्हटलं, आता कशाला. ती म्हणाली, तुझ्या मागचं गेलं, पण गेलं कुठं?

माझा वास परत येईल याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. मीही आशा धरली नव्हती. पण परवाच्या उन्हाळ्यात एका दुपारी सुट्टी होती म्हणून मी गच्चीवर गेलो होतो. तापलेल्या फरशीवर माझी उशी पडली होती, जुनीच, कापसाची, लग्नात आलेली. ती सरकवायला मी वाकलो आणि काहीतरी माझ्या नाकात शिरलं. आधी मला ते काय आहे तेच कळेना, कारण माझ्याकडं त्याला नावच नव्हतं. मी इकडंतिकडं बघितलं. मग उशी उचलली आणि नाकाशी धरली.

ते तिथं होतं. मेलेलं, गोडसर, ओलं. बारा वर्षांच्या उन्हानं न गेलेलं. पोरीनं पहिल्याच दिवशी काय मेलंय म्हणून विचारलं होतं आणि मी त्याला शोधायला कपाट सरकवलं होतं.

बायको कपडे काढायला वर आली आणि मला उशी तोंडाशी धरलेली बघून दारातच थांबली. मी विचारलं, ह्याच्या शेजारी बारा वर्षं तू झोपलीस कशी?

"भिंतीकडं तोंड करून झोपत होतो की," ती म्हणाली.

मग तिनं उशी माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि दुसरी बाजू उन्हाला लावली.